सॅटेलाइट डेटात यायचंय? आधी यंत्राचं वय विचारा

ठाण्यातून बीएस्सी फिजिक्स केलं आणि आता ऐरोलीत बसून हवेच्या प्रदूषणाचा सॅटेलाइट डेटा बघते, त्यामुळे नवीन मुलामुलींचे मेसेज येतात की पायथन किती यायला हवं, मशीन लर्निंगचा कोर्स लावू का वगैरे. पायथन लागतंच, नेटसीडीएफ (सॅटेलाइट डेटा ज्या प्रकारच्या फाइलीत येतो ती) फाइल उघडून नकाशा काढता आला की सुरुवातीला भागतं. खरं डोकं जातं ते भलतीकडेच. वरचं यंत्र दहा-वीस वर्षं उन्हात तापतंय, अतिनील किरणांनी त्याचे आरसे, डिफ्यूझर (सूर्यप्रकाश पसरवून यंत्राला मोजमापाचा आधार देणारी प्लेट) काळवंडतात, मग आकडा बदलला तो हवा बदलली म्हणून की यंत्र थकलं म्हणून?

ओमीचंच घ्या. ऑरा सॅटेलाइटवरचं हे यंत्र 2004 मध्ये वर गेलं, ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोजायला. एका वेळी आडव्या 60 पिक्सेलची रांग बघतं, प्रत्येक जागेला रो म्हणतात. जून 2007 मध्ये त्यातल्या काही रो बिघडल्या, बाहेरचं इन्सुलेशन सुटून नजरेच्या आड आलं असावं असा अंदाज आहे, आणि पुढे हे पसरतच गेलं. 2006 च्या फाइली उघडल्या तर ठाणे-बेलापूर पट्टा व्यवस्थित दिसतो, दहा वर्षांनंतरच्या उघडून एक्सट्रॅक क्वालिटी फ्लॅग (बिघडलेल्या रो ओळखून गाळायची फाइलीतली खूण) लावला की कित्येक दिवस आपल्या डोक्यावर नुसती कोरी पट्टी. फ्लॅग नाही लावला तर कोरं काही दिसत नाही, चुकीचे आकडे गपचूप सरासरीत जातात, ते जास्त वाईट. म्हणून ट्रेंड काढताना पहिल्यापासून आतापर्यंत धड राहिलेल्या रोच सगळ्या वर्षांसाठी घ्यायच्या, डेटा कमी झाला तरी चालेल. (आणि मधल्या पिक्सेलचाही आकार 13 बाय 24 किलोमीटर, म्हणजे ऐरोली, खाडी, मुलुंड सगळं एकातच. रबाळे एमआयडीसी वेगळी दाखवा असं क्लायंट म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणायचं.)

यंत्र ठणठणीत असलं तरी गोची होतेच. ट्रोपोमी हे तसंच प्रदूषण मोजणारं नवं यंत्र, 2017 चं, पिक्सेल बारीक, पण 2020 च्या शेवटी त्यात ढगांची उंची काढायची पद्धत बदलली आणि प्रदूषित भागातले नायट्रोजन डायऑक्साइडचे आकडे वर गेले. आता जुन्या व्हर्जनच्या फाइलींवरून लॉकडाऊन आणि नंतरचं वर्ष तुलना करा, प्रदूषण उसळलेलं दिसणार, त्यातलं थोडं तरी सॉफ्टवेअरचं! पुन्हा प्रोसेस केलेला एकसारखा डेटा फुकट मिळतो, तोच घ्या. टेरा या नासाच्या जुन्या सॅटेलाइटचं वेगळंच, तो विषुववृत्त सकाळी साडेदहाला ओलांडायचा पण इंधन संपत आल्यामुळे 2020 पासून ती वेळ धरून ठेवणं सोडलंय, आता हळूहळू आधी येतो, म्हणजे जुने आणि नवे आकडे दिवसाच्या एकाच वेळेचे नाहीत.

इंटरव्ह्यूला मी मॉडेलची अ‍ॅक्युरसी विचारत नाही, विचारते की रीडमी (डेटासोबत येणारी माहितीची फाइल) वाचलीस का आणि जमिनीवरच्या कुठल्या स्टेशनशी ताडून बघितलंस. एरोसोलसाठी, म्हणजे हवेतल्या बारीक कणांसाठी, पुण्याला एरोनेट या जमिनीवरून मोजणाऱ्या जागतिक जाळ्याचं स्टेशन आहे. पावसाळ्याचे महिने ढगांमुळे जवळपास सोडूनच द्यायचे.

देहरादूनच्या आयआयआरएसचे (इस्रोची रिमोट सेन्सिंग शिकवणारी संस्था) ऑनलाइन कोर्स फुकट असतात, बेसिक तिथून करा. नोकऱ्या मात्र ठाणे-नवी मुंबईत मोजक्याच, रिसर्च करायचं असेल तर पुणे नाहीतर अहमदाबाद, घरी आत्ताच सांगून ठेवा.