पुस्तकातलं चित्र मुलाच्या हातात कसं द्यायचं

सेन्सरी प्ले, म्हणजे स्पर्श, आवाज असं काही अनुभवत खेळायचा खेळ, म्हटलं की लोक आधी ट्रे, रंगीत वाळू, डबे-डब्या अशी खरेदीची यादीच काढतात, मला उलटं करणं सोपं वाटतं. आधी पुस्तक घ्या, त्यातलं एकच पान धरा आणि त्या पानावरची एकच गोष्ट मुलाच्या हाताला लागू द्या. पावसाचं चित्र असेल तर उथळ टबात थोडं पाणी, एक चाळणी, दोन वाट्या, बास. पुस्तक मात्र टबापासून लांब ठेवा नाहीतर लगदा होईल. झाडाचं चित्र असेल तर खरखरीत साल आणि वाळका पाला, चुरगाळला की आवाजही येतो.

चिखलाच्या चित्राला कॉर्नफ्लोअरसारखी मजा कशालाच नाही. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, साधारण एक वाटी पाणी, थोडं थोडं घालत हातानेच कालवायचं. मुठीत दाबलं की घट्ट, मूठ सोडली की बोटांमधून ओघळतं, कारण एकदम जोर पडला की आतले कण एकमेकांत अडकतात आणि जोर गेला की सुटतात. हे सगळं मुलाला समजावत बसू नका हं, आधी हळूच बोट घाल, आता जोरात थापट मार, एवढंच सांगा. काही मुलं हात लावायलाच तयार नसतात, त्यांना चमचा द्या, जबरदस्ती नको.

वाचतानाही गोष्ट संपवायची घाई नको. "हे काय?" विचारायचं आणि खरंच थांबायचं, मनात पाच आकडे मोजा, आपल्यालाच उत्तर सांगून टाकायची फार घाई असते. मूल "पाणी" म्हणालं की आपण "हो, गार पाणी" असा एक शब्द जोडायचा, गार म्हणजे काय ते हाताला आत्ताच कळलेलं असतं. याला डायलॉजिक रीडिंग, म्हणजे मुलाशी बोलत बोलत वाचणं, म्हणतात, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये यावर अभ्यास छापला होता, त्यात महिनाभर घरी असं वाचल्यावर मुलांचं बोलणं वाढलेलं दिसलं.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर सगळं आधी तोंडातच जाणार, पुस्तकसुद्धा, म्हणून जाड पुठ्ठ्याचीच पुस्तकं घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीच वस्तू देऊ नका. पाण्यात फुगणारे जेलीचे मणी तर घरातच नकोत, गिळले तर पोटात फुगून आतडं अडवू शकतात. आणि टबात इंच-दोन इंच पाणी असलं तरी मुलाला सोडून फोन घ्यायलाही उठायचं नाही, खेळ झाला की टब लगेच ओता. कॉर्नफ्लोअरचा काला मात्र सिंकमध्ये नाही, पाइप तुंबतो, सुकू द्या आणि खरवडून कचऱ्यात टाका.