क्लाउड डेटाबेसच्या एन्क्रिप्शन किल्ल्या: या चुका टाळा, नाहीतर बॅकअप असूनही डेटा जाईल

क्लाउडवरच्या डेटाबेसला एन्क्रिप्शन लावणं आता एका टिकमार्कचं काम आहे. म्हणूनच त्यामागच्या किल्लीचा, म्हणजे ज्या गुप्त कोडने डेटा कुलूपबंद होतो आणि उघडतो त्याचा, विचार फारसा कुणी करत नाही. किल्ली चोराच्या हाती लागण्याची भीती सगळ्यांनाच असते. प्रत्यक्षात बहुतेक टीमना जास्त धोका असतो तो स्वतःच्याच हाताने किल्ली गमावण्याचा, आणि तो धोका बॅकअप रिस्टोअर करायला बसल्यावरच कळतो. इथली उदाहरणं मुख्यतः अॅमेझॉनच्या आरडीएस (क्लाउडवर डेटाबेस चालवणारी) आणि केएमएस (किल्ल्या सांभाळणारी) या सेवांची आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अझूर किंवा गुगलच्या क्लाउडवर काम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

"महिनाभर कुणी वापरली नाही" म्हणून किल्ली डिलीट करणं

ही सगळ्यात महाग चूक. बिल कमी करायला बसलेल्या माणसाला यादीत जुन्या किल्ल्या दिसतात. तो क्लाउडट्रेलच्या, म्हणजे कुणी काय वापरलं याची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या, लॉगमध्ये वापर शोधतो, काही सापडत नाही, मग तो डिलीटचं बटण दाबतो.

लॉगमध्ये काही न दिसण्याचं कारण किल्लीच्या कामाच्या पद्धतीत आहे. केएमएसमधली मुख्य किल्ली तुमचा डेटा थेट एन्क्रिप्ट करत नाही. तिच्याकडून एका वेळी जास्तीत जास्त 4 केबी एन्क्रिप्ट करून घेता येतं. डेटा एन्क्रिप्ट होतो तो वेगळ्या डेटा-कीने, आणि ती डेटा-की मुख्य किल्लीने एन्क्रिप्ट करून डेटासोबत ठेवलेली असते. आता दोन वर्षांपूर्वीचा मॅन्युअल स्नॅपशॉट (स्वतः घेऊन ठेवलेली डेटाबेसची प्रत) घ्या. तो नुसता पडून असतो, केएमएसला काही विचारत नाही, त्यामुळे लॉगमध्ये त्याची एकही ओळ नसते. पण तो उघडायची वेळ आली की तीच किल्ली लागते.

आरडीएसचे ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस राहतात. मॅन्युअल स्नॅपशॉट मात्र तुम्ही डिलीट करेपर्यंत राहतात. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात. हिशेबाचा डेटाबेस बंद करून शेवटचा स्नॅपशॉट ठेवला असेल, तर त्याची किल्लीही तितकी वर्षं जिवंत हवी. एका किल्लीचा खर्च महिन्याला 1 डॉलर, रोटेशन (ठराविक काळाने किल्ली आतून बदलणं) चालू असेल तर थोडा जास्त. एवढ्या पैशांसाठी किल्ली काढू नका. शंका असेल तर ती फक्त डिसेबल करा. ते केव्हाही उलटवता येतं.

डिलीट झालीच असेल तर

केएमएस किल्ली लगेच नष्ट करत नाही. 7 ते 30 दिवसांची मुदत असते. तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर 30 दिवस. पण त्या मुदतीतही किल्ली वापरता येत नाही. चालू डेटाबेसला हे समजलं की तो बंद पडतो आणि त्याचं स्टेटस 'इनॅक्सेसिबल-एन्क्रिप्शन-क्रेडेन्शियल्स-रिकव्हरेबल' असं दिसू लागतं. हे स्टेटस दिसलं तर हातातलं काम टाका. कन्सोलमध्ये जाऊन डिलीशन रद्द करा. त्यानंतर किल्ली आपोआप चालू होत नाही, डिसेबल्ड अवस्थेत येते. ती स्वतः एनेबल करा आणि मग डेटाबेस स्टार्ट करा. या दुसऱ्या पायरीवर अनेकजण अडतात, कारण "रद्द तर केलं, मग चालत का नाही?" असं त्यांना वाटत राहतं.

इथे दोन मुदतींचा गोंधळ होतो. किल्ली वाचवायला 30 दिवस असले, तरी डेटाबेस त्या 'रिकव्हरेबल' अवस्थेत फक्त 7 दिवस थांबतो. तेही बॅकअप चालू असतील तरच. 7 दिवस उलटले की किल्ली परत मिळूनही तो डेटाबेस उठत नाही आणि बॅकअपमधून नवीन उभा करावा लागतो. किल्लीची मुदतही संपली, तर अॅमेझॉनचा सपोर्टही काही करू शकत नाही.

हे टाळायला दोन गोष्टी आजच करा. पहिली म्हणजे, किल्ली डिलीशनला टाकण्याची परवानगी संस्थेच्या पातळीवरच्या पॉलिसीने (कुणाला काय करता येईल याच्या नियमाने) सगळ्यांसाठी बंद ठेवा. अपवाद फक्त एका वेगळ्या रोलचा (ठरावीक परवानग्या असलेल्या ओळखीचा). दुसरी म्हणजे, डिलीशनसाठी रांगेत असलेली किल्ली कुणी वापरायला गेलं तर क्लाउडवॉच या देखरेख सेवेचा अलार्म वाजेल असं लावा.

अझूरवर किल्ल्या ठेवणाऱ्या की व्हॉल्टचं सॉफ्ट-डिलीट (डिलीट केलेली किल्ली काही काळ परत मिळण्याची सोय) असतंच. त्याच्या जोडीला पर्ज प्रोटेक्शनही चालू ठेवा. ते नसेल तर सॉफ्ट-डिलीट झालेली किल्लीही कुणीतरी कायमची पुसू शकतं.

डीफॉल्ट किल्लीवर सगळा डेटाबेस उभा करणं

डेटाबेस बनवताना किल्ली निवडली नाही तर आरडीएस त्याची डीफॉल्ट किल्ली लावतं. तिची पॉलिसी तुम्हाला बदलता येत नाही, आणि तिने एन्क्रिप्ट केलेला स्नॅपशॉट दुसऱ्या खात्याशी शेअर करता येत नाही. बॅकअप वेगळ्या खात्यात ठेवायची वेळ आली की ही भिंत आडवी येते.

वेगळं खातं का हवं हे 2014 साली कोड स्पेसेस या कंपनीबाबत दिसलं. हल्लेखोर तिच्या अॅमेझॉन कन्सोलमध्ये शिरला आणि त्याने डेटा व बॅकअप दोन्ही उडवले. कंपनीला धंदा गुंडाळावा लागला.

चालू डेटाबेसची किल्ली जागच्या जागी बदलता येत नाही. स्नॅपशॉट घ्या, स्वतः बनवलेली किल्ली देऊन त्याची कॉपी करा, आणि त्या कॉपीतून नवीन डेटाबेस उभा करा. एन्क्रिप्ट नसलेला जुना डेटाबेस एन्क्रिप्ट करायचा मार्गही हाच. मोठ्या डेटाबेसला याला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशीच स्वतःची किल्ली निवडलेली बरी. स्नॅपशॉट दुसऱ्या खात्यात नेलात तर तिथे त्या खात्याच्या स्वतःच्या किल्लीने त्याची कॉपी करा. मूळ खात्याच्या किल्लीवर अवलंबून राहिलेला बॅकअप मूळ खात्यासोबतच जातो.

रीजनचंही, म्हणजे अॅमेझॉनची डेटा सेंटर असलेल्या भौगोलिक भागाचंही, तसंच. साध्या किल्लीचं अस्तित्व एका रीजनपुरतं असतं. मुंबईतला एन्क्रिप्टेड स्नॅपशॉट हैदराबादला न्यायचा असेल, तर कॉपी करताना हैदराबादमधली किल्ली द्यावीच लागते. ती आधीच बनवून ठेवा.

रोटेशनवर नको तेवढा विश्वास

रोटेशन चालू केलं की जुना डेटा नव्या किल्लीने पुन्हा एन्क्रिप्ट होतो, असा समज सर्रास आढळतो. तसं होत नाही. केएमएस आत नवीन की-मटेरियल (किल्लीचा प्रत्यक्ष गुप्त भाग) तयार करतं आणि जुनं जपून ठेवतं. किल्लीचा आयडी तोच राहतो, जुना डेटा जुन्याच मटेरियलने उघडतो. म्हणून एखाद्या रोलला चुकून डिक्रिप्टची परवानगी मिळाली असेल तर रोटेशनने काहीच साधत नाही. ती परवानगीच काढायला हवी. 2019 मध्ये कॅपिटल वन बँकेच्या अॅमेझॉनवरच्या साठ्यातून अमेरिकेतल्या सुमारे 10 कोटी आणि कॅनडातल्या सुमारे 60 लाख लोकांची माहिती गेली. चोराने ज्या मार्गाने प्रवेश मिळवला, त्याच मार्गाने त्याला डेटा डिक्रिप्ट होऊनही मिळाला. एन्क्रिप्शन लावलेलं होतं; परवानगी मात्र सैल होती.

किल्लीचं प्रशासन करणारा आणि किल्लीने डेटा उघडणारा, हे दोन रोल वेगळे ठेवा. मात्र पॉलिसी इतकीही घट्ट करू नका की किल्लीचा अॅडमिन एकच युजर राहील आणि तो नोकरी सोडताना त्याचा युजर डिलीट होईल. मग ती किल्ली सांभाळणारं कुणीच उरत नाही आणि सपोर्टकडे धाव घ्यावी लागते.

किल्ली क्वेरीतच लिहिणं

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजीक्रिप्टो हे एन्क्रिप्शनचं एक्स्टेंशन वापरून आधार किंवा पॅनचा कॉलम एन्क्रिप्ट करणाऱ्यांनी एकदा आपला स्लो क्वेरी लॉग (रेंगाळलेल्या क्वेरींची नोंद) उघडून पाहावा. डिक्रिप्ट करणाऱ्या फंक्शनला पासवर्ड क्वेरीतच मजकूर म्हणून दिला असेल, तर क्वेरी रेंगाळल्यावर तो लॉगमध्ये जसाच्या तसा उतरतो. पुढे तो लॉग दुसऱ्या सेवेकडे जातो आणि तिथे निम्मी टीम तो वाचू शकते. अशा कॉलमचं एन्क्रिप्शन अॅप्लिकेशनमध्येच करा आणि डेटा-की केएमएसकडून घ्या. आधार क्रमांक साठवणाऱ्यांना तर यूआयडीएआयच्या 2017 च्या परिपत्रकानुसार आधार डेटा व्हॉल्ट (आधार क्रमांकांची वेगळी सुरक्षित जागा) आणि किल्ल्यांसाठी एचएसएम (किल्ल्या सुरक्षित ठेवणारं खास उपकरण) बंधनकारक आहे.

रिस्टोअर अडला तर कुठे बघायचं

'केएमएस-की-नॉट-अॅक्सेसिबल' अशी एरर आली तर आधी किल्ली चालू आहे का आणि त्याच रीजनमध्ये आहे का, ते बघा. दोन्ही ठीक असेल तर रिस्टोअर करणाऱ्या रोलला त्या किल्लीवर डिस्क्राइब-की (किल्लीची माहिती पाहणं) आणि क्रिएट-ग्रँट (किल्ली वापरायचा हक्क दुसऱ्याला देणं) या परवानग्या आहेत का तपासा. क्रिएट-ग्रँट बहुतेकदा सुटलेली असते, कारण लोक फक्त एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्टचाच विचार करतात. आयएएम पॉलिसी (खात्यातल्या युजर आणि रोलना दिलेल्या परवानग्या) बरोबर असूनही नकार येत असेल, तर किल्लीची स्वतःची पॉलिसी वाचा. तिथे परवानगी नसेल तर आयएएममध्ये काहीही लिहिलं तरी चालत नाही.

हे सगळं खऱ्या अडचणीच्या रात्री पहिल्यांदा करू नका. दर तिमाहीत सगळ्यात जुना स्नॅपशॉट निवडा, कालचा नव्हे. तो वेगळ्या खात्यात, वेगळ्या रीजनमध्ये उभा करा आणि एका टेबलमधल्या ओळी मोजून बघा. कुठल्या किल्लीने तो उघडला, हे स्नॅपशॉटच्या टॅगमध्ये आणि किल्लीच्या वर्णनात लिहून ठेवा.