गिझर उशिरा तापतोय? आधी कॉइलचा रोध मोजा

२३० व्होल्टवर २००० वॅटची कॉइल असेल, तर करंट = २००० ÷ २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. रोध = २३० ÷ ८.७, म्हणजे साधारण २६.५ ओहम.

मेन स्विच बंद करून प्लग काढा, कॉइलच्या दोन्ही वायर सोडवा आणि मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून टोकांवर मोजा. वायर न सोडवता प्लगच्या पिनांवर मोजलं आणि थर्मोस्टॅट (पाणी तापलं की करंट तोडणारा स्विच) उघडा, म्हणजे सर्किट तोडलेल्या स्थितीत असेल, तर मीटर काहीच दाखवणार नाही. चांगली कॉइल उगाच भंगारात जाईल. मीटरच्या प्रोब एकमेकींना टेकवून येणारा अर्धा-एक ओहम वजा करा.

रोध बरोबर आहे? मग कॉइलला दोष देऊ नका, लाइनचा व्होल्टेज बघा. वॅट = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध. १९० व्होल्टला ३६१०० ÷ २६.५, जेमतेम १३६० वॅट! व्होल्टेज १७ टक्के घटला, पण पाणी तापायला जवळपास दीडपट वेळ लागतो.

हाच हिशेब पिवळ्या बल्बला लावू नका. थंड फिलामेंटचा रोध पेटलेल्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. पंखा, पंप यांना तर पॉवर फॅक्टरही (व्होल्ट × अँपिअर यातला प्रत्यक्ष वॅटमध्ये उतरणारा हिस्सा) धरावा लागतो.