बेळगाव सीमाभागातल्या पोलिसांचं पेन्शन : पात्रता कशी तपासायची

निपाणी, खानापूर, कागवाडकडचा पोलीस नोकरीला कर्नाटकात असतो. पाहुणे, सोयरे आणि व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र निम्मे कोल्हापूरचे असतात. त्यामुळे महाराष्ट्राचे जीआर वाचून पेन्शनचा हिशोब मांडणारे इथे कमी नाहीत. तो हिशोब चुकतो, कारण दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. नव्या पेन्शन योजनेची (एनपीएस) तारीख महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५, कर्नाटकात १ एप्रिल २००६. तिकडे पोलीस शिपाई ५८व्या वर्षी निवृत्त होतो, इकडे ६०व्या. तिकडे पेन्शनचा ४० टक्के भाग विकता येतो, म्हणजे त्याच्या बदल्यात एकरकमी पैसे घेता येतात; इकडे एक तृतीयांश. तुम्हाला लागू होतात ते कर्नाटक नागरी सेवा नियम, म्हणजे केसीएसआर. तुम्ही जिल्हा पोलिसात असा, शहर आयुक्तालयात असा, जिल्हा-शहर सशस्त्र राखीव दलात (डीएआर-सीएआर) असा की मच्छेच्या राज्य राखीव पोलिसांच्या (केएसआरपी) बटालियनमध्ये, नियम तेच.

होमगार्ड यात येत नाहीत. बंदोबस्ताचा भत्ता मिळतो म्हणून ती पेन्शनची नोकरी ठरत नाही, वर्षं कितीही होवोत.

आधी तुमचा गट ठरवा

१ एप्रिल २००६ पूर्वी रुजू झालेले जुन्या पेन्शनमध्ये, त्या दिवशी किंवा नंतर रुजू झालेले एनपीएसमध्ये. मधला एक गट आहे : भरतीची अधिसूचना त्या तारखेआधीची, पण नेमणूक नंतरची. जानेवारी २०२४च्या सरकारी आदेशाने अशांना जुन्या पेन्शनकडे येण्याचा पर्याय एकदाच दिला. तुम्ही तो दिला असेल तर तीन गोष्टी बघा : मंजुरीचा आदेश सेवापुस्तकात, म्हणजे एसआरमध्ये, चिकटवलाय का, पगारातली एनपीएसची कपात थांबली का, आणि भविष्य निर्वाह निधीचं (जीपीएफ) खातं उघडलं का. पर्यायाचा फॉर्म दिला म्हणजे काम झालं असं समजू नका.

जुनी पेन्शन : वर्षं कशी मोजतात

पेन्शनला किमान १० वर्षांची पात्र सेवा, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा, लागते. त्याहून कमी असेल तर फक्त एकरकमी ग्रॅच्युइटी. पूर्ण पेन्शनला आता ३० वर्षं लागतात, पूर्वी ३३ लागत. मोजणी सहामाहीत होते; उरलेले महिने तीन किंवा जास्त असतील तर एक पूर्ण सहामाही धरतात.

समजा शेवटचा मूळ पगार ६०,००० आणि पात्र सेवा २६ वर्षं ४ महिने. २६ वर्षांच्या ५२ सहामाह्या, ४ महिन्यांची एक, एकूण ५३. साठ हजारांचे निम्मे ३०,०००. त्याला ५३ ने गुणून ६० ने भागा. पेन्शन २६,५००. चारऐवजी दोनच महिने असते तर ५२ सहामाह्या आणि २६,०००. म्हणजे एसआरमध्ये एखादा महिना हरवला तर दर महिन्याचे पाचशे रुपये आयुष्यभरासाठी जाऊ शकतात. कर्नाटकच्या सातव्या वेतन आयोगानंतर किमान पेन्शन १३,५०० आणि कमाल १,२०,६०० आहे. ग्रॅच्युइटी दर सहामाहीला पाव पगार, जास्तीत जास्त साडेसोळा पट.

कुठली वर्षं गळतात

खानापूरच्या प्रशिक्षण शाळेतला पगारी काळ धरला जातो, पण रुजू झाल्याची तारीख आणि प्रशिक्षणाची नोंद सलग हवी. सगळ्यात जास्त गोंधळ बदलीत होतो. एसआरमध्ये असं दिसतं : ‘१२ जून दुपारनंतर कार्यमुक्त’, आणि खालच्या ओळीत ‘१९ जून दुपारपूर्वी रुजू’. मधले दिवस रुजू होण्याचा अवधी होता की रजा, याचा आदेश नसेल तर पेन्शन मंजूर करणाऱ्या बेंगळुरूच्या महालेखापाल कार्यालयातून फाइल आक्षेप घेऊन परत येते. २०१४मध्ये बेळगाव शहराचं आयुक्तालय वेगळं झालं. तेव्हा एसपी कार्यालयाकडून तिकडे गेलेल्यांनी त्या वर्षाचं पान मुद्दाम उघडून बघावं.

निलंबनाचा काळ शेवटी कसा धरायचा याचा वेगळा आदेश निघावा लागतो. ‘कामावर परत घेतलं’ एवढं वाक्य पुरत नाही. विनावेतन रजेचंही तसंच : वैद्यकीय कारणाची होती की खासगी, हे मंजुरीत लिहिलेलं हवं. ‘डाइज-नॉन’ शेरा असलेले दिवस मोजले जात नाहीत.

राजीनामा दिला की मागची सेवा बुडते. शिपाई असताना पीएसआय किंवा दुसऱ्या खात्याच्या परीक्षेला बसलात तर अर्ज खात्यामार्फतच गेला पाहिजे, आणि कार्यमुक्तीच्या आदेशात दुसऱ्या सरकारी नोकरीसाठी सोडतोय हे स्पष्ट आलं पाहिजे. बडतर्फीत पेन्शन जातं. सक्तीच्या निवृत्तीत मिळतं, पण कापलं जाऊ शकतं.

आपल्याकडे फौजेतून येऊन पोलिसात लागलेले बरेच. लष्कराचं पेन्शन चालू ठेवलं असेल तर ती वर्षं पोलीस सेवेत मिळवता येत नाहीत. दोन्हीचा फायदा मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मराठी शाळेतून आलेल्यांसाठी

दाखल्यावर ‘स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव’. एसआरमध्ये कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं काहीतरी तिसरंच. आधारवर आणखी वेगळं. एसआर, पॅन, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. पत्नीचं माहेरचं नाव वारसनोंदीत आणि सासरचं आधारवर असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. नवऱ्याच्या मागे कुटुंब पेन्शन अडतं ते बहुतेक इथेच.

जन्मतारखेवर आशा ठेवू नका. कर्नाटकच्या वयनिश्चितीच्या १९७४च्या कायद्याप्रमाणे नोंद झाल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. निवृत्तीच्या तोंडावर बदल होत नाही. शाळेत जन्मतारीख १ जून लावलेले इकडे पुष्कळ आहेत. महिन्याच्या १ तारखेला जन्म असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ३१ मेला होते, ३० जूनला नव्हे.

कन्नड भाषा परीक्षा आणि खात्याच्या परीक्षांचे निकाल एसआरमध्ये चढलेत का तेही बघा. परिवीक्षा (नोकरीचा चाचणी काळ) पूर्ण झाल्याचा आदेश त्यावर अवलंबून असतो, आणि तो लटकला की वेतनवाढी व शेवटचा पगार दोन्ही वादात येतात.

स्वेच्छानिवृत्ती आणि चालू चौकशी

१५ वर्षं पात्र सेवा किंवा वयाची ५० वर्षं, यातलं एक पुरलं तर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निघता येतं. नोटीस देण्याआधी पात्र वर्षांचा दाखला हातात घ्या, नाहीतर पंधरा समजून निघाल आणि हिशोबात चौदा भरतील.

निवृत्तीच्या दिवशी विभागीय चौकशी किंवा फौजदारी खटला चालू असेल तर तात्पुरती पेन्शन सुरू होते, ग्रॅच्युइटी अडकते. निवृत्तीनंतर नवी चौकशी काढायची तर सरकारची मंजुरी लागते, आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

एनपीएसवाल्यांनी

मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के तुमचे, १४ टक्के सरकारचे. प्राण (एनपीएसचा कायम खाते क्रमांक) खात्याचं स्टेटमेंट काढा आणि महिन्यागणिक पगाराच्या स्लिपशी लावा, विशेषतः नोकरीची पहिली वर्षं आणि बदलीचे महिने. ६०व्या वर्षी ६० टक्क्यांपर्यंत रोख, किमान ४० टक्क्यांची अॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारं नियमित पेन्शन. आधी सोडलं तर उलट : ८० टक्के अॅन्युइटीत. पंधरा वर्षांवर स्वेच्छानिवृत्तीचा विचार करणाऱ्यांनी आधी हा आकडा मांडावा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला कुटुंब पेन्शनचाही मार्ग आहे; खात्यातली रक्कम काढून घेण्याआधी कार्यालयात लेखी विचारावं.

कागद कधी हलवायचे

दोन वर्षं राहिली की एसआरची प्रत मागा, वर्षवार सेवा-पडताळणीच्या सह्या मोजा आणि राहिलेल्या वर्षांचा लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा पोच शिक्का घ्यायला विसरू नका. एक वर्ष राहिलं की क्वार्टर्स, साहित्य, सोसायटी आणि आगाऊ रकमांचे नो-ड्यू जमवा. क्वार्टर्सच्या थकबाकीवरून ग्रॅच्युइटी अडते. केजीआयडी (कर्नाटक सरकारी विमा खातं) पॉलिसीचा अर्ज वेगळा असतो, तो पेन्शनच्या फाइलीत आपोआप जात नाही. निवृत्तीनंतर चंदगड किंवा मिरजेला राहायला गेलात तरी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला जीवन प्रमाण या ऑनलाइन सेवेवरून देता येतो. पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) नंबर जवळ ठेवा आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू ठेवा.