गावच्या वाचनालयात फिलिपिनो लोकांचा प्राचीन इतिहास कसा मांडावा

विदर्भातील खेड्यात हा विषय मांडताना सुरुवात १५२१ मध्ये फिलिपिन्सला पोचलेल्या पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनपासून करू नये. त्याआधीचा काळच अधिक मोलाचा आहे. प्रथम नकाशावर तैवान दाखवून, सुमारे ४००० वर्षांपूर्वी ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे दर्यावर्दी तेथून फिलिपिन्सच्या लुझोन बेटाकडे सरकले, एवढे थोडक्यात सांगावे.

मुख्य वेळ लुझोनवरील लागुना प्रांतात मिळालेल्या लागुना ताम्रपटास द्यावा. १९८९ मध्ये सापडलेल्या या पातळ पत्र्यावर शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी तिथी कावी या जुन्या जावानीज लिपीत कोरलेली आहे. श्रोत्यांच्या हाती पंचांग द्यावे आणि शकात ७८ मिळवून इ. स. ९०० हे वर्ष त्यांनाच काढू द्यावे. पुढे मजकूर सांगावा: नामवरन नावाच्या माणसाचे सोन्यातील कर्ज फिटल्याची ही पावती असून, त्याचे वंशजही त्या ऋणातून मोकळे केले आहेत. (सातबारावरील बोजा ठाऊक असलेल्यांना याहून अधिक समजवावे लागत नाही.)

मात्र ताम्रपटात संस्कृत शब्द आढळले म्हणून तेथे भारतीय राज्य होते, असे सांगू नये. जुनी मलय भाषा आणि व्यापार यांच्यामार्फत ते शब्द पोचले. शेवटी दातू या प्रमुखाच्या हाताखालील बारांगाय वस्त्यांची ओळख करून द्यावी.