ग्रामसभेत मानसिक आजाराचा विषय कसा मांडायचा

माझ्या धाकट्या दिरांना चोविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागायला लागली, पारावर एकट्यानं बोलणं थांबलं. चौकातल्या टपरीवर मात्र त्यांच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप होता, तो तसाच राहिला. त्या कपापायीच मी ग्रामसभेत उभी राहिले. तुमच्या गावात हा विषय मांडायचा असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी ज्याचं दुखणं आहे त्याला विचारा. भाऊजी म्हणाले, "बोला, पण माझं नाव घेऊ नका." मी घेतलं नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते, तिथे विषय काढा. बायका तिथे मोकळ्या होतात. एकीची जाऊ, एकीचा मुलगा, असं करत आमच्या अकराजणी झाल्या. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) विषय लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेला विषय "ऐनवेळच्या विषयांत बघू" म्हणत मागे पडतो.

खरी मेहनत ठरावाच्या शब्दांवर घ्या. माझ्या कच्च्या मसुद्यात "गावातील मनोरुग्णांची यादी करावी" असं वाक्य होतं. आमच्या आशाताईंनी ते वाचलं आणि विचारलं, "वहिनी, यादीत पहिलं नाव कुणाचं येईल?" मी तिथल्या तिथे ते खोडलं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तेव्हा यादी कधीच मागू नका. "वेडसर" हा शब्दही नको, "मानसिक आजार असलेली व्यक्ती" लिहा.

आम्ही तीन गोष्टी मागितल्या. पंचायतीच्या फळ्यावर आणि शाळेच्या भिंतीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रंगवायचा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीत मानसिक आजारानं दिव्यांगत्व आलेल्यांनाही धरायचं, कारण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. आणि आजाराचं कारण सांगून कुणालाही पंचायतीच्या कामावरून डावलायचं नाही. तिसरी मागणी कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. फळा वाचून माणसं थोडी बदलतील, पण रोज कामावर दिसणारा माणूस त्यांना जास्त पटतो.

"अंगावर धावून आला तर?" हा प्रश्न येणारच. चिडू नका. विचारणाऱ्याच्या मनात खरी भीती असते. उपचार चालू असलेली बहुतेक माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत, हे सांगा, आणि त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा तेही तिथेच सांगा. आमच्याकडे मागच्या रांगेतून एक म्हातारे हळूच म्हणाले, "पोरानं औषध प्यायलं होतं, पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर केला." सभा गप्प झाली. अशा वेळी त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 115 सांगा: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करत नाही. हे कलम मी कागदावर लिहून नेलं होतं. ते मी दोनदा वाचलं.

ठराव झाल्यावर इतिवृत्ताची नक्कल मागून घ्या. आमची नक्कल मी पिठाच्या डब्याखाली जपून ठेवली आहे.

वरच्या आळीच्या पाण्याचा वॉल्व्ह आता भाऊजी सोडतात. सकाळी सहाचे सव्वासहा झाले की बायका त्यांना फोन करून ओरडतात, आधीच्या माणसाला ओरडायच्या तशाच.