घरातला पारा कसा ओळखायचा, सांडला तर कसा गोळा करायचा (आणि मिनामाता कराराचा त्यात काय संबंध)

पाऱ्यावर जगभर बंदी आली म्हणतात ना, ती आहे पाऱ्याच्या ठराविक वस्तू बनवण्यावर आणि त्यांच्या आयात-निर्यातीवर. तुमच्या कपाटात पडलेला काचेचा थर्मामीटर न्यायला कोणी येणार नाहीये, ते काम आपल्यालाच करायचंय.

करार मिनामाता नावाचा. जपानमधल्या या गावात चिस्सो कंपनीचं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत जायचं, ते माशांत गेलं, मासे खाऊन आधी मांजरं वेडीवाकडी नाचत मरायला लागली आणि मग माणसं. 1956 ला आजाराची अधिकृत नोंद झाली आणि तरी ते सांडपाणी थांबायला 1968 उजाडलं, बारा वर्षं! करार 2013 ला झाला, 16 ऑगस्ट 2017 पासून लागू आहे, भारताने 2018 मध्ये मंजूर केला. पाऱ्याचे थर्मामीटर, बीपी मशीन, ठराविक बॅटऱ्या, क्रीम यांची यादी त्यात आहे, साध्या फ्लोरोसंट ट्यूब 2027 पर्यंत बंद व्हायच्यात आणि दातात भरतात ते चांदीसारखं सिमेंट 2034 पर्यंत. (दातात आधीच भरलेलं असेल तर उगाच उकरून काढायला जाऊ नका, काढतानाच वाफ जास्त येते.)

आता घरात शोधा. थर्मामीटरमध्ये चंदेरी रेघ दिसली की पारा धरूनच चाला, फक्त हल्ली बिनपाऱ्याचे काचेचे पण येतात, त्यावर तसं लिहिलेलं असतं. एका थर्मामीटरमध्ये साधारण ग्रॅमभर पारा असतो. डॉक्टरांकडच्या जुन्या उभ्या बीपी मशीनमध्ये याच्या कित्येक पट, त्यामुळे आजोबांच्या दवाखान्यातली आठवण म्हणून ते मशीन माळ्यावर ठेवलं असेल तर ते आधी बघा. सीएफएलमध्ये जेमतेम काही मिलीग्रॅम. पारद शिवलिंगातही पारा असतो, पण धार्मिक आणि पारंपरिक वापराच्या वस्तू करारातून वगळल्यात, म्हणजे तिथे कायदा तुमच्या मदतीला नाही. त्यावरचं दूध-पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका एवढं तरी पाळा.

थर्मामीटर फुटला तर पहिलं काम, पोरं आणि मांजर-कुत्रं खोलीबाहेर, खिडक्या उघड्या, एसी बंद, बाकी घराकडे जाणारं दार लावून घ्या. हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा कारण पारा सोन्याला लागला की चिकटून सोनं पांढरं पडतं. झाडू अजिबात नाही, एका थेंबाचे शंभर होतात आणि झाडू कायमचा बाद. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो गरम होऊन पाऱ्याची वाफ घरभर सोडतो. ग्लोव्हज घाला, काचा उचला, मग दोन जाड पत्ते किंवा लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेऊन गोळ्या हळूहळू एकमेकींकडे ढकला, त्या आपोआप एक होतात, ती मोठी गोळी ड्रॉपरने ओढून झाकणाच्या बरणीत टाका. मग लाईट घालवून टॉर्च जमिनीला लागून आडवी धरा, फरशीच्या फटीत राहिलेले बारीक मणी चमकतात, ते चिकटपट्टीने टिपून घ्या. पट्टी, पुठ्ठा, ग्लोव्हज सगळं त्याच बरणीत नाहीतर डबल पिशवीत. बेसिनमध्ये किंवा संडासात ओतायचं नाही, आणि पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनला दाखवायचे पण नाहीत. नंतर जमेल तितका वेळ, निदान दिवसभर तरी, हवा खेळती ठेवा.

कोणी थेंब गिळला तर लोक फार घाबरतात, पण हा धातूचा पारा पोटातून बहुतेक तसाच बाहेर पडतो, खरा धोका श्वासातून जाणाऱ्या वाफेचा. तरी डॉक्टरांना फोन कराच.

सीएफएल फुटला तर पाच-दहा मिनिटं सरळ खोलीबाहेर थांबा, मग पुठ्ठा आणि चिकटपट्टी, बाकी तसंच.

मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती पारा घातलेल्या, गोरं करणाऱ्या क्रीमची. बल्ब निदान फुटल्यावर कळतो, क्रीम रोज स्वतःच्या हाताने चोळली जाते आणि महिनोन्महिने काही कळत नाही. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना किडनीच्या आजाराचे असे पेशंट सापडले ज्यांच्यात दुवा एकच, ही क्रीम. आपल्याकडे नियम आहे, सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालायचा नाही, चुकून आलेला सुद्धा दहा लाखात एक भाग, डोळ्यांच्या प्रसाधनांना फक्त जास्त सूट. पण बिनापत्त्याची, परदेशी लिपीतली डबी बाजारात मिळतेच. डबीवर मर्क्युरिक, मर्क्युरस क्लोराईड, कॅलोमेल (ही सगळी पाऱ्याचीच नावं) यातलं काही दिसलं, किंवा सोन्याचांदीला लावू नका अशी सूचना असली की ओळखा. घटकच लिहिलेले नसतील तर घेऊच नका. आधीपासून वापरत असाल तर बंद करा आणि लघवीची तपासणी करून घ्या, डॉक्टरांना डबी दाखवा.

उरला प्रश्न बरणीचा. भंगारवाल्याला द्यायची नाही. कोडाईकनालची थर्मामीटर फॅक्टरी 2001 मध्ये बंद झाली ती तिथल्या एका भंगारवाल्याकडे पारा लागलेल्या काचेचा ढीग सापडला म्हणून. 2016 च्या घनकचरा नियमांत फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, सीएफएल, ट्यूबलाईट हा घरगुती घातक कचरा म्हणून नाव घेऊन लिहिलेला होता, 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत असा कचरा "स्पेशल केअर वेस्ट" (वेगळी काळजी घ्यायचा कचरा) मध्ये येतो आणि तो ठरवून दिलेल्या जमा केंद्रावर द्यायचा असतो. वॉर्ड ऑफिसला हेच शब्द वापरून विचारा, नुसतं "बल्ब कुठे टाकू" विचारलं तर घंटागाडी दाखवतात. सोय होईपर्यंत बरणीवर मार्करने "पारा, उघडू नये" लिहा, झाकणावरून टेप मारा आणि ऊन नसलेल्या, पोरांचा हात न पोचणाऱ्या ठिकाणी ठेवा, गॅसजवळच्या फळीवर नको.